कापसाला कटती, पेट्रोलला माफी



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर आधी ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसतो. आकडा आठाच्या आत असेल तर ठीक. आठाच्या वर गेला की टक्क्याला टक्का भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला तर सीसीआय गाडीच घेत नाही. खासगी व्यापारी यंत्राच्या नादाला लागत नाही. तो मूठभर कापूस हातात दाबतो, 'ओला आहे' म्हणतो आणि क्विंटलमागे दोन-चार किलोंची कटती लावून मोकळा होतो. आपण कुरकुरतो, भांडतो, पण कटतीमागचे तत्त्व आपल्याला मान्य आहे. वजनात कापूस कमी आणि पाणी जास्त असेल तर पाण्याला कापसाचा भाव कोण देईल?

हेच तत्त्व घेऊन आता पेट्रोल पंपावर जाऊ.

२०२५ सालापासून देशातल्या जवळजवळ सर्व पंपांवर जे साधे पेट्रोल मिळू लागले त्यात शंभरात वीस भाग इथेनॉल असते. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. मळीपासून, उसाच्या रसापासून, मक्यापासून किंवा तांदळापासून काढलेला. तो चांगला जळतो, त्याचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असते, हे सगळे खरे. पण त्याच्या एका लिटरात जेवढी उष्णता असते ती पेट्रोलच्या लिटरातल्या उष्णतेच्या दोन तृतीयांशच भरते. पेट्रोलच्या लिटरात ३२ मेगाज्यूलच्या आसपास, इथेनॉलच्या लिटरात २१ च्या आसपास. पऱ्हाटीची मोळी आणि तेवढ्याच घेराची बाभळीच्या लाकडाची मोळी यांतल्या कोणत्या मोळीवर जास्त भाकरी भाजून होतात हे मायबहिणींना सांगायला नको. मोळी तेवढीच दिसते, जाळ तेवढा नसतो.

हिशेब बोटांवर करता येतो. ऐंशी भाग पेट्रोलची उष्णता पूर्ण, म्हणजे ८०. वीस भाग इथेनॉलची दोन तृतीयांश, म्हणजे १३. दोन्ही मिळून ९३. लिटर पुरा भरतो, पण त्यातला जाळ सात टक्क्यांनी उतरलेला असतो. आणि भाव? भाव पुऱ्या शंभराचा. आमच्या कापसात आठाचे नऊ टक्के झाले की कटती, आणि यांच्या पेट्रोलात जाळ सात टक्क्यांनी कमी झाला तरी माफी.

हा हिशेब आम्ही पदरचा मांडलेला नाही. निती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला त्यात लिहिले आहे की, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकी गाडीचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल. तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्क्यांनी घटेल. दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मात्र एक ते दोन टक्क्यांनीच. सरळ अर्थ असा की, नव्या गाडीवाल्याला चिमटा आणि जुन्या गाडीवाल्याला चापट. आता नवी गाडी कोणाकडे आणि जुनी कोणाकडे, हे गावातल्या पारावर बसून मोजा.

त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली, उष्णता कमी म्हणून मिश्रित पेट्रोलचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, करात सूट द्यावी. दुसरी, जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर मिळत राहावे. म्हणजे कटतीचे तत्त्व सरकारच्याच तज्ज्ञांना पटलेले होते. पुढे झाले काय? मिश्रणाची मुदत २०३० वरून २०२५-२६ वर ओढली. दहा टक्क्यांचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्क्यांच्या पेट्रोलचे उद्घाटन झाले आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्के झाले. घाई होती तेवढी मिश्रणाची झाली. भाव कमी करण्याची घाई कोणालाच नव्हती, आणि दहा टक्क्यांची वेगळी नळी ठेवण्याचे तर नावच निघाले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ओरड वाढली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा काढला. त्यात म्हटले की, आराखडा झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता ते महाग झाले आहे, सरासरी लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते, तेव्हा भाव कमी कसा करणार? ठीक आहे. मग इथेनॉल स्वस्त होते त्या वर्षांत पंपावरचा भाव कमी केला होता का? तेव्हाही केला नव्हता. स्वस्त असते तेव्हा फायदा तेल कंपनीचा आणि महाग होते तेव्हा बोजा गाडीवाल्याचा, असा हा न्याय. हा न्याय आपल्याला नवा नाही. कापसाचा भाव चढला की आयात आणि पडला की खुली बाजारपेठ, या न्यायाने आपण चाळीस वर्षे जगतो आहोत. त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क गिरण्यांसाठी माफ झाले, तेही आपला कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर.

आता जुन्या गाडीत नेमके काय घडते ते पाहू. याबाबतीत दोन्ही बाजूंनी भलतेसलते बोलले जाते. एक म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो इंजिन फुटते. इंजिन फुटत नाही. पण काहीच होत नाही हेही खरे नाही.

एक किलो पेट्रोल पुरते जाळायला साडेचौदा किलोंच्या आसपास हवा लागते. एक किलो इथेनॉल जाळायला नऊ किलो पुरते. म्हणून मिश्रणात इथेनॉल वाढले की तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावे लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा दुचाक्यांत हे काम बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आणि सेन्सर करतात. धुराड्यात हवा उरली की सेन्सरला कळते आणि इंधन वाढते. आपल्या बहुतेकांच्या मोटारसायकली त्याच्या आधीच्या, कार्बोरेटरच्या. कार्बोरेटरमधल्या पितळी जेटचे भोक कारखान्यात पाडले तेवढेच राहते. त्याला इथेनॉल कळत नाही. त्यामुळे मिश्रण पातळ होते, सकाळी गाडी लवकर पेट घेत नाही, मागे खताचे पोते आणि पुढे पोरगा बसवून चढ चढताना दम तोडते, इंजिन जरा जास्त तापते. मग आपण थ्रॉटल जास्त पिळतो आणि मायलेज आणखी पडते.

दुसरी गोष्ट रबराची. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, वायसर, ओ-रिंगा, पंपाचा पडदा हे सगळे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. वीस टक्क्यांना टिकणारे सामान गाड्यांत घालण्याचा दंडक एप्रिल २०२३ पासूनचा. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचेच पेट्रोल वापरा असे छापलेले आहे. जुने रबर इथेनॉलने फुगते, मग कडक होते, मग त्याला चिरा जातात. पंचवीस-तीस रुपयांची नळी, एवढ्याने कोणी भिकेला लागत नाही. पण ती नळी नांगरणीच्या दिवशी बाजारच्या गावी जाताना फुटली तर दिवस जातो, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळले तर त्याहून जास्त जाते.

तिसरी गोष्ट पाण्याची. निव्वळ पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. टाकीत थेंबभर पाणी गेले तर ते तळाशी बसून राहते. इथेनॉल पाण्याला ओढून घेते. थोडे पाणी असेल तर ते मिश्रणात विरघळून जळून जाते, त्याने बिघडत नाही. पाणी वाढले की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडते, पाण्याशी हातमिळवणी करते आणि दोघे मिळून टाकीच्या तळाशी जातात. गाडीची नळी तळातूनच ओढते. मग गाडी चालू होणार कशी?

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी, त्यामुळे हा प्रकार पावसाळ्यापुरता दिसतो. आम्ही काही कार्यकर्ते ठाणे जिल्ह्यात गेलो होतो तेव्हा भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीला थांबलो. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर मंदिर बांधवले, असे सांगतात. शेजारी तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यामुळे लांबलांबचे लोक येतात. तो भाताचा मुलूख. चार महिने आभाळ गळत असते, भिंतींना सुद्धा ओल येते. तिथे रस्त्याच्या कडेला एका मेकॅनिकच्या टपरीवर एकाच वेळी तीन जुन्या दुचाक्या आणि एक जुनी ओम्नी कार्बोरेटर उघडून उभी होती. त्याने कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून आम्हाला दाखवले. खाली बोटभर गढूळ थर आणि वर पेट्रोल. 'दादा, पूर्वी हे काम आठवड्याला एखादे यायचे,' तो म्हणाला, 'आता पाऊस लागला की रोज आहे. गिऱ्हाइकाला वाटते मीच काहीतरी करून पैसे काढतो.' पाणी कोणाच्या झाकणातून गेले, कोणाच्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आले, हे त्याला सांगता येत नव्हते, आम्हालाही नाही. पण पाण्याला टाकीत बिऱ्हाड करू देणारी चीज कोणती, हे त्या बाटलीत स्पष्ट दिसत होते.

त्या बाटलीवरून सुचलेली एक परीक्षा सांगतो. पारदर्शक, उभी, सरळ काचेची बाटली घ्या. तिला सारख्या अंतराच्या अकरा खुणा करा. दहाव्या खुणेपर्यंत पंपावरचे पेट्रोल भरा, अकराव्या खुणेपर्यंत पाणी घाला, झाकण लावून हलवा आणि पाच-दहा मिनिटे ठेवा. पाणी खाली बसेल. पेट्रोल निव्वळ असते तर पाणी एकाच खुणेइतके राहिले असते. वीस टक्के मिश्रण असेल तर पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर तिसऱ्या खुणेच्या जवळपास पोहोचतो. ग्रेडरच्या हातात जसे ओलाव्याचे यंत्र, तसे हे आपले यंत्र. विडी-काडी लांब ठेवा, उघड्यावर करा, आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नका.

मोटारसायकलपेक्षाही आम्हाला काळजी आहे ती फवारणीच्या पेट्रोल पंपाची. पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप कपाशीवर जुलै ते नोव्हेंबर चालतो आणि मग सात-आठ महिने गोठ्यात टांगलेला असतो. त्यात ऑइल मिसळलेले पेट्रोल अर्धी टाकी तसेच राहते. पावसाळ्याच्या तोंडाला त्यात ओल जमते आणि थर वेगळे होतात. खाली बसलेल्या इथेनॉल-पाण्यात ऑइल विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. दोरी ओढली की इंजिनला पहिले मिळते ते बिनऑइलचे पाणी. पिस्टन जाम होतो. पंप दुरुस्तीला, अळी कपाशीवर. पंप कंपनीवाला म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो तुमचे ऑइल खराब. कटती लावायला कोणीच नाही.

आता पैशाचा हिशेब. एका गड्याची मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देते आणि महिन्याला ती हजार किलोमीटर फिरते असे धरू. शेत, बाजार, दवाखाना, दूध, पोराची शाळा यांत एवढे सहज होते. म्हणजे वीस लिटर. निती आयोगाचे चार टक्के धरले तर तेवढ्याच अंतराला पाऊण लिटरहून थोडे जास्त पेट्रोल लागते. उष्णतेचे पुरे सात टक्के धरले तर दीड लिटर. लिटरला शंभर रुपये धरले (हिशेब सोपा म्हणून शंभर) तर वर्षाला हजार ते अठराशे रुपये. २०२५-२६ साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता, आणि तो किती जणांना मिळाला हा प्रश्न वेगळाच. म्हणजे वर्षाला पाव ते अर्धा क्विंटल ज्वारी धुराड्यातून जाते. जुनी मारुती किंवा ओम्नी ठेवून गावातल्या आजाऱ्यांना, बाळंतिणींना तालुक्याला नेणाऱ्याचा हिशेब याच्या कितीतरी पट होईल.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, पण हे शेतकऱ्यांसाठीच चालले आहे ना? अरबांना जाणारा पैसा आपल्या शेतकऱ्याला मिळतो आहे, मग शेतकऱ्यांच्या संघटनेनेच त्यावर बोट का ठेवावे?

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही, कधी नव्हतो. शेतमालाला बाजाराचा आणखी एक दरवाजा उघडत असेल तर तो उघडलाच पाहिजे, ही आमची जुनी मागणी आहे. मळी वर्षानुवर्षे सरकारी नियंत्रणात कुजवली गेली, तिच्यापासून इंधन करता येते हे सांगणाऱ्यांना वेड्यात काढले गेले. इथेनॉलचा पहिला प्रयोग २००१ साली झाला तो तीन ठिकाणी, त्यांतली दोन आपल्याच राज्यात: मिरज आणि मनमाड. पाच टक्के मिश्रण. २००३ साली ते महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरू झाले. (याच मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये तेलातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले. पेट्रोलात रॉकेल मिसळणाऱ्यांची टोळी काय असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. इथेनॉल ही तशी भेसळ नव्हे, ते कायद्याने आणि उघड मिसळलेले आहे. पण मिसळलेल्या मालाचा भाव मिसळीप्रमाणे असावा एवढे तरी मागायचे की नाही?)

आमचा आक्षेप शेतकऱ्याचे नाव पुढे करून गाडा हाकण्याला आहे. ऑगस्ट २०२५ च्या त्याच खुलाशात मंत्रालयाने विदर्भातल्या आत्महत्यांची आठवण काढली. काही वर्षांपूर्वी विदर्भात शेतकरी मोठ्या प्रमाणावर आत्महत्या करत होते आणि इथेनॉलच्या उत्पन्नाने तो प्रश्न सोडवायला निर्णायक मदत झाली, असा त्याचा आशय. या एका वर्षात शेतकऱ्यांना ४०,००० कोटी रुपये मिळतील, असेही त्यात होते.

भावांनो, यवतमाळच्या कोणत्या कोरडवाहू शेतकऱ्याने इथेनॉलसाठी काय विकले? कपाशीपासून इथेनॉल होत नाही. तुरीपासून होत नाही. ऊस लावायला पाणी लागते. निती आयोगाच्याच आराखड्यात लिहिले आहे की, उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्याच्या विहिरीला मार्चमध्ये तळ लागतो त्याने काय करावे? इथेनॉलचा पैसा शेतकऱ्याला मिळाला हे खरे, पण तो कालव्याच्या आणि कारखान्याच्या शेतकऱ्याला मिळाला, तोही कारखान्याच्या काट्यातून गाळून. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही, ऊसवाला आमचा भाऊच आहे. पण फासाला गेलेल्या कापूसवाल्यांच्या नावाने या पैशाची पावती फाडू नका. त्या घरांत इथेनॉल आले ते फक्त मोटारसायकलच्या टाकीतून, आणि तेही पुऱ्या भावाने.

कोरडवाहू शेतीतून इथेनॉल निघत नाही असे मात्र नाही. ज्वारीतून निघते. अमेरिकेत कॅन्सससारख्या कोरड्या राज्यांतल्या डिस्टिलऱ्या मक्याबरोबर ज्वारी घेतात. धाटात साखर साठवणारी गोड ज्वारी असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले, 'मधुरा' नावाचे वाण काढले, तिच्या रसापासून मद्यार्क करून दाखवला. कणीस खायला, धाटाचा रस इंधनाला, चोथा जनावरांना. उसाच्या मानाने पाणी थोडके. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव लिहिलेले आहे. नाव लिहिण्यापुढे किती गेले ते तुमच्या गावात विचारा. आणि काढणीच्या वेळी पाऊस येऊन काळी पडलेली खरीप ज्वारी? ती माणसाने खायची नाही, व्यापारी मातीमोल भावाने घेतो. इथेनॉल करायला ती अगदी चालते. २०२४-२५ च्या हंगामात खराब धान्याच्या इथेनॉलला लिटरला ६४ रुपये भाव होता. पण तो भाव डिस्टिलरीला, आणि डिस्टिलरी आपल्या टापूत किती? राज्यात २००७ साली धान्यापासून मद्यार्क करण्याचे धोरण आले तेव्हा ज्वारीची दारू करणार म्हणून एवढा गदारोळ झाला की, काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल हा मुद्दा कोणाला ऐकूच गेला नाही. दारूला विरोध करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. काळी ज्वारी मात्र आजही कोणी विचारत नाही.

उलट जे थोडे गिऱ्हाईक मिळत होते तेही सरकारनेच मोडले. मक्याच्या इथेनॉलला २०२४-२५ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव दिला, म्हणून शेतकरी मक्याकडे वळला. लगेच जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ डिस्टिलऱ्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी देण्याचे ठरले. त्या हंगामात भाताचा, म्हणजे सालासकट धान्याचा, हमीभाव २,३०० रुपये होता. भात भरडून, साठवून, वाहतूक करून झालेला तांदूळ भातापेक्षा स्वस्त! वज्रेश्वरीच्या भातवाल्याला हे सांगितले तर तो हसेल. त्यापुढे मका कसा टिकणार? २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा २,४०० चा हमीभाव कागदावर राहिला. आणि धान्याच्या इथेनॉलमधून उरणारा चोथा पशुखाद्यात गेला, त्याने सोयाबीनच्या पेंडीचा भाव खाली ओढला. सोयाबीन कोण पिकवतो? पुन्हा आपणच.

ऊसवाल्यांनाही या नळाचा झटका बसलेला आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप सुरू असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली. कारखान्यांनी कर्जे काढून उभ्या केलेल्या डिस्टिलऱ्या बसून राहिल्या. शहरात साखर महाग व्हायला नको, निवडणूक जवळ आली होती. कच्चा माल कोणता, भाव किती, गिऱ्हाईक कोण, सगळे दिल्लीत ठरते. इंधनाच्या इथेनॉलचे गिऱ्हाईक म्हणजे तेल कंपन्या, बाकी कोणी नाही. लायसन्स-परमिटचे राज्य गेले म्हणतात, ते पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत जाऊन बसले आहे.

ब्राझीलचे उदाहरण आपल्याला नेहमी देतात, तेव्हा तेही पुरे पाहावे. तिथे १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलमधले मिश्रण ३० टक्के झाले. पण तिथल्या पंपावर शेजारच्याच नळीतून निव्वळ इथेनॉल वेगळ्या भावाने मिळते. २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आहेत. साधा ड्रायव्हर भाव वाचतो, इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून स्वस्त असेल तर इथेनॉल भरतो, नाही तर पेट्रोल. सत्तर टक्के का, तर जाळ तेवढाच म्हणून. म्हणजे कटती गिऱ्हाईक स्वतः लावतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका गेली, ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. पण मागणी न्यायालयाकडेच करावी लागते असे थोडेच आहे?

जिल्हा बैठकीत जे ठराव मांडायचे ते असे. पंपाच्या नळीवर इथेनॉलचे प्रमाण मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा भाव त्यातल्या उष्णतेप्रमाणे कमी करावा, आणि इथेनॉल महाग पडते म्हणून तेल कंपनीला परवडत नसेल तर केंद्र आणि राज्य यांनी आपला कर तेवढा सोडावा. तालुक्याला निदान एका पंपावर दहा टक्क्यांची नळी ठेवावी. काळ्या ज्वारीची आणि गोड ज्वारीची खरेदी करणाऱ्या डिस्टिलरीला कोरडवाहू टापूत कोणत्याही परवान्याशिवाय उभे राहू द्यावे, आणि तिला तेल कंपनीखेरीज दुसऱ्यालाही विकायची मोकळीक असावी. गोदामातला तांदूळ खर्चाखाली डिस्टिलऱ्यांना देऊ नये. शेवटच्या मागणीवर ठाणे-पालघरच्या भातवाल्यांशी बोलणे चालू करायला हवे, कारण ते आपल्या बैठकांना फारसे येत नाहीत आणि हा प्रश्न जितका आपला तितकाच त्यांचाही आहे.

तोवर एवढे करा. फवारणी संपली की पंपाची टाकी रिकामी करा, पंप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करा. मोटारसायकलची टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत ओल जास्त धरते. पेट्रोलची नळी हाताने दाबून पाहा, कडक लागली तर बदला. आणि एका वहीत तारीख, मीटरचा आकडा, भरलेले लिटर आणि दिलेले पैसे लिहायला लागा. टाकी दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. गाडीचे साल, कार्बोरेटर की इंजेक्शन, आणि वर सांगितलेल्या बाटलीत थर किती आला, हेही लिहा. तीन महिन्यांच्या नोंदी असलेली वही घेऊन या. तालुकावार वह्या गोळा करण्याचे काम ज्याला घ्यायचे आहे त्याने बैठकीच्या सुरुवातीलाच नाव द्यावे.